माळावरचे गवत, अंगणातली सावली

सोलापूर म्हटले की चादर, शेंगाची चटणी आणि मे महिन्यातले ऊन एवढेच बाहेरच्या पाहुण्याला आठवते. भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव पाहून तो संध्याकाळच्या गाडीने परततो. या शहराच्या उंबरठ्यावर पाहण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे गवत. हे ऐकून पाहुणे हसतात, आणि खरे सांगायचे तर सोलापूरकरही हसतात. गवत कोणी बघायला जाते का? म्हणूनच ते आम्हाला वाचकांना दाखवावेसे वाटते.

शहरातून बार्शी रस्त्याने निघाले की साधारण वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज लागते. ऑक्टोबरअखेरीस, पाऊस परतल्यावर आणि थंडी सुरू होण्याआधी, आम्ही शाळेची मुले घेऊन तिथे जातो. बसमधून उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत एखादा मुलगा हमखास म्हणतो, “सर, ये तो खाली घासच है!” आम्ही त्याला म्हणतो, थोडा वेळ बसून राहा. सकाळचे तिरपे ऊन माळावर पडते तेव्हा पिकलेले गवत तांबूस-सोनेरी दिसू लागते. वारा आला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट जाते. चंडोल सरळ वर उडतो आणि गात गात खाली येतो. दूरवर काळविटांचा कळप मान वर करून उभा असतो. अर्ध्या तासाने तोच मुलगा आपल्या मित्राला हळू बोलायला सांगत असतो.

या माळाला सरकारी कागदात पुष्कळदा ‘पडीक’ म्हटले गेले. ज्या जमिनीत पीक नाही आणि झाडी नाही ती वाया गेलेली, असा आपला समज. पण सोलापूर हा अवर्षणप्रवण जिल्हा. इथे पाऊस साडेपाचशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. खाली मुरूम आणि वर वीतभर माती. अशा जागी दाट जंगल उभे राहत नाही, गवत उभे राहते. त्याची मुळे माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी जिरवतात. वरचा भाग उन्हाळ्यात वाळून गेला तरी बुंधा जिवंत असतो आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर आठवड्याभरात हिरवा कोंब दाखवतो.

गवत म्हणजे एकच वस्तू नव्हे, हेही तिथे समजते. पवन्या उंच आणि सरळ वाढतो. डोंगरी गवताला तांबूस तुरे येतात. मारवेल मऊ, गुरांचे आणि शेळ्यांचे सर्वांत आवडते. कुसळी पिकली की तिची काळी टोके विजारीला चिकटतात आणि घरी आल्यावर अम्मीची बोलणी खावी लागतात. याच कुसळाचा आम्ही वर्गात प्रयोग करतो. वाळलेले कुसळ पाण्याच्या थेंबावर ठेवले की ते स्वतःभोवती पीळ सोडत फिरू लागते. ओल मिळाली की फिरायचे, वाळले की पुन्हा पीळ घ्यायचा, आणि असे करत करत बी मातीत रुतवायचे, ही त्याची पद्धत. कुणीही पेरणी न करता माळ दरवर्षी कसा उगवतो, याचे उत्तर मुलांना तळहातावर मिळते.

नान्नज प्रसिद्ध झाले ते माळढोकामुळे. उभा राहिला तर जवळपास मीटरभर उंच आणि नर पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी झाडावर बसत नाही. त्याची मादी जमिनीवर, गवतात, बहुधा एकच अंडे घालते. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. शेती, गावे, रस्ते सगळे त्यात आल्यामुळे लोकांच्या अडचणी वाढल्या आणि पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. मधल्या काळात माळ हिरवा करण्याच्या हेतूने ग्लिरिसिडियासारखी बाहेरची झाडेही लावली गेली. ज्या पक्ष्याला दूरवरचे दिसले पाहिजे त्याच्यासमोर झाडांची भिंत उभी राहिली. कुरणे नांगरली गेली, विजेच्या तारा आल्या. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. आमच्या मुलांना तो अजून दिसलेला नाही.

माळढोकाचा विषय निघाला की आम्ही मुलांना डॉ. सालिम अलींची गोष्ट सांगतो. ते १८९६ साली मुंबईत जन्मले, लहानपणीच पोरके झाले आणि मामांच्या घरी वाढले. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, तेव्हा ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचे सारे आयुष्य पक्ष्यांना वाहिले गेले. भारताचा राष्ट्रीय पक्षी माळढोक असावा, असा त्यांचा आग्रह होता. मान मोराला मिळाला. पण एका मुस्लिम घरातल्या मुलाने साधा प्रश्न विचारला आणि त्यातून देशाचे पक्षिशास्त्र उभे राहिले, हे आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे.

सहलीहून परत आल्यावर एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मात्र आम्हाला आजवर पुरला आहे. तिने विचारले, माळ इतका कामाचा, तर आपल्या मोहल्ल्यात तो का नसावा?

मोहल्ल्यात माळ येणार नाही, पण त्याचा एक तुकडा येऊ शकतो. अडचण सावलीची आहे. माळावरचे गवत उन्हाचे, आणि सोलापुरातले अंगण सावलीचे. इथे कडुलिंब, शेवगा, शेजारच्या घराची उंच भिंत यांच्या आडोशाला बसूनच उन्हाळा काढावा लागतो. सावली कोणी तोडणार नाही आणि तोडूही नये. नर्सरीतले लॉन या सावलीत विरळ होते, त्याला रोज पाणी लागते, आणि सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. हरळीसुद्धा गर्द सावलीत तग धरत नाही. म्हणून लोक शेवटी शहाबादी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक टाकून मोकळे होतात. अंगण स्वच्छ दिसते, पण दुपारी तापलेली फरशी रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते आणि पावसाचे पाणी मुरण्याऐवजी गल्लीत वाहते.

नान्नजच्या वाटेवर बोरीच्या आणि लिंबाच्या झाडांखाली नीट पाहिले तर तिथेही गवत असतेच, फक्त जाती बदलतात. त्या निरीक्षणावरून आम्ही घरामागच्या बारा फूट बाय नऊ फूट जागेत लागवड केली. तिथे कडुलिंब आहे आणि पश्चिमेला भिंत. तीन पावसाळ्यांचा अनुभव असा आहे.

जिथे निदान अर्धा दिवस ऊन येते त्या कडेला मारवेल आणि पवन्या. लिंबाच्या पानांतून कवडसे पडतात तिथे डोंगरी आणि रोशा. ही दोन्ही गवते मुळात विरळ रानातल्या झाडांच्या सोबतीने वाढतात, त्यामुळे कवडसे त्यांना पुरतात. सावलीत तुरे कमी येतात आणि पाती लांब, जरा लवलेली होतात. ती तशीच छान दिसतात. भिंतीलगतच्या गर्द सावलीत काही लावण्याची गरज पडली नाही. पावसाळ्यात तिथे रुंद, आखूड, किंचित चुणीदार पानांचे एक सरपटणारे गवत आपोआप आले. हिवाळ्यात ते वाळते आणि पावसात पुन्हा येते. वजूचे पाणी वाहून जाते तिथे वाळा लावला. वजूच्या पाण्यात साबण नसतो, त्यामुळे वाळ्याला ते मानवते. न्हाणीघराचे साबणाचे पाणी मात्र तिकडे वळवू नये.

रोशाबद्दल थोडे सांगायला हवे. त्याचे पान चुरगळले की गुलाबासारखा वास येतो. खानदेश-निमाड भागात त्याचे तेल काढले जाई आणि ते मुंबईच्या बंदरातून इस्तंबूलपर्यंत जाई. तिकडे महागड्या गुलाबाच्या अत्तरात ते मिसळले जात असे. आपण ईदला अत्तर लावतो, त्याचा एक नातेवाईक इथल्या रानात फुकट उगवतो, हे थोड्यांनाच ठाऊक असते. घरोघरी असणारा गवती चहा त्याचाच भाऊबंद, फक्त तो लागवडीचा आहे, इथल्या माळाचा नव्हे.

लागवड अवघड नाही. जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की मुळांसकट ठोंब लावायचे, एकमेकांपासून दीड हातावर. मारवेलाच्या कांड्याही रुजतात. खताची गरज नाही; खत दिले तर गवत माजते आणि लोळते. पहिल्या वर्षी पावसाने ताण दिला तर आठवड्यातून एकदा पाणी, पुढे हिवाळ्या-उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी. ठोंब शेताच्या बांधावरून, मालकाला विचारून आणावेत. अभयारण्यातून काडीही आणू नये, तो कायद्याने गुन्हा आहे. नर्सरीत शोभेसाठी विकली जाणारी परदेशी तुऱ्यांची गवते टाळावीत. त्यांचे बी वाऱ्याने माळावर जाते आणि स्थानिक गवताची जागा घेते. गाजर गवत हे तर नावापुरतेच गवत. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि आज ते राज्यभर आहे. फुले येण्याआधी, हातमोजे घालून ते उपटून टाकावे.

आता या बारा बाय नऊच्या तुकड्यात येते कोण? मुनिया येतात, तुऱ्याला लोंबकळून बी खातात आणि लांब पाती ओढून घरट्याला नेतात. चिमण्या दाणे खातात, पण पिल्लांना अळ्या भरवतात, आणि अळ्या फरशीवर मिळत नाहीत. वटवट्या दिवसभर गवतात खुडबुडत असतो. मगरिबच्या सुमारास वाळक्या पानासारखे दिसणारे एक तपकिरी फुलपाखरू बुंध्याजवळून उडते, ते सावलीतलेच. त्याची हिरवी अळी गवताचे पान खाते आणि तिच्या डोक्यावर दोन शिंगे असतात. घरातल्या लहानग्यांनी ती शोधून काढली, तेव्हापासून गवतावर पाय देणाऱ्याला घरात दंड आहे. एकदा हुदहुद आला. हजरत सुलैमान (अलै.) यांच्या गोष्टीतला पक्षी आपल्या अंगणात लांब चोचीने माती टोकरतो आहे, हे पाहिल्यावर सूरह नम्लचा धडा मुलांना वेगळा समजावावा लागला नाही.

शेजारच्या खाला पहिल्या वर्षी नाराज होत्या. त्यांचे आक्षेप तीन होते आणि तिन्ही रास्त होते. पहिला सापाचा. आपल्या भागात घोणस आणि फुरसे आहेत, त्यामुळे ही भीती हसण्यावारी नेऊ नये. दारापासून आणि वाटेपासून तीन-चार फूट जागा मोकळी ठेवावी. ठोंब वेगवेगळे असावेत, म्हणजे मधली जमीन दिसते. विटा, लाकडे, भंगार यांचा ढीग आणि उघडे खरकटे मुळीच नको, कारण त्याने उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. रात्री टॉर्च घेऊनच जावे. दुसरा आक्षेप डासांचा. डास गवतात नव्हे, साचलेल्या पाण्यात वाढतात. पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे रोज उपडे करून भरावे. तिसरा आक्षेप गचपणाचा. बी गळून गेल्यावर, फेब्रुवारीत, गवत विळ्याने वीतभर ठेवून कापले की आगीचा धोकाही जातो. आम्ही एक तृतीयांश भाग तसाच सोडतो, कारण किड्यांना उन्हाळा काढायला आडोसा लागतो. कापलेले गवत खालांच्या उस्मानाबादी बोकडाला जाते. आता त्यांचा एकच आक्षेप उरला आहे, की गवत कमी पडते.

आपल्या दीनमध्ये गवताची आठवण कुठे कुठे आहे, हे पाहिले तर आश्चर्य वाटते. मक्का विजयाच्या प्रसंगी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या भूमीची पवित्रता जाहीर केली. तिथले झाडझुडूप तोडू नये आणि हिरवे गवत कापू नये, असा आदेश दिला. तेव्हा त्यांचे चुलते हजरत अब्बास (रजि.) यांनी इजखिर गवतापुरती सवलत मागितली, कारण ते कारागिरांना, घरांना आणि कबरींना लागत असे. ती सवलत दिली गेली. बाकीच्या गवताचे संरक्षण कायम राहिले. हे इजखिर सुगंधी असते आणि ते आपल्या रोशाचे, गवती चहाचे भावंड आहे.

त्याआधी उहुदच्या मैदानावर हजरत मुसअब बिन उमैर (रजि.) शहीद झाले होते. मक्केच्या श्रीमंत घरात लाडात वाढलेले हे तरुण पुढे मदिनेत कुरआन शिकवायला गेले होते. त्यांच्या कफनासाठी एकच चादर होती. डोके झाकले तर पाय उघडे पडत आणि पाय झाकले तर डोके. प्रेषितांनी (स.) चादरीने डोके झाकायला आणि पायांवर इजखिर गवत घालायला सांगितले. शिक्षकी पेशातल्या आमच्यासारख्यांना ही हदीस सांगताना दरवेळी थांबावे लागते. आणि मुसलमानाने लावलेल्या झाडातून किंवा पेरलेल्या पिकातून माणूस, पक्षी वा जनावर जे खाईल ते त्याच्या नावे सदका म्हणून लिहिले जाते, ही हदीस तर सर्वांना पाठ असते. मुनियाने खाल्लेल्या दाण्याचा त्यात समावेश नाही, असे कोण म्हणेल?

हे सगळे आम्ही आत्ता लिहितो आहोत, त्याला एक कारण आहे. शहरात जुनी झाडे, गार सावली आणि न नांगरलेली माती एकत्र सापडते अशी एक जागा प्रत्येक मुस्लिम वस्तीजवळ असते, ती म्हणजे कब्रस्तान. आमच्या भागातल्या कब्रस्तानात लिंबाखाली डोंगरी आहे, मारवेल आहे, आणि भिंतीकडेला मुनियांची घरटी आहेत. कोणी लावलेले नाही, कित्येक पिढ्यांपासून आहे. शब-ए-बरातआधी सफाई होते. अलीकडे ती विळ्याऐवजी तणनाशकाने करावी आणि मधल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवावेत, अशी सूचना कमिटीपुढे आली आहे.

सूचना करणारे बुजुर्ग चाचा वाईट हेतूने बोललेले नाहीत. गवतात कबरी दिसत नाहीत, म्हातारी माणसे ठेचकाळतात, मजूर महाग झाले आहेत. हे सर्व खरे आहे. पण तणनाशक गवतासोबत किड्यांचे अन्न संपवते आणि मग ओल्या जागेत सर्वांत आधी परत येते ते गाजर गवतच. ब्लॉकवरून वाहणारे पाणी कच्च्या कबरी खचवते. शब-ए-बरात दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येते. सध्या ती हिवाळ्याच्या अखेरीस आहे. तोवर गवताचे बी गळून गेलेले असते, म्हणजे विळ्याने कापले तरी पुढच्या पावसात ते पुन्हा येते. चार फुटांची वाट पक्की करावी, बाकी माती राहू द्यावी, आणि कापलेला चारा ज्याला हवा त्याने कापून न्यावा, म्हणजे मजुरीही वाचेल, असे आम्ही कमिटीला सुचवले आहे.

दिल्लीत हजरत निजामुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात शहाजहान बादशहाची मुलगी जहाँआरा हिची कबर आहे. ती १६८१ साली वारली. हवे तर तिला संगमरवरी घुमट मिळाला असता. आपल्या कबरीवर हिरव्या गवताशिवाय दुसरे आच्छादन नको, असा आशय तिथल्या फारसी लेखात कोरलेला आहे. कबरीचा वरचा भाग आजही मातीचा, मोकळा आहे. दोन कबरींवर प्रेषितांनी (स.) खजुराची ओली फांदी चिरून रोवल्याची हदीसही प्रसिद्ध आहे. सर्वांनी तसे करावे की नाही यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात आम्ही शिरत नाही. पण जे हिरवे अल्लाहने स्वतः तिथे उगवले आहे, ते विषाने मारण्याची घाई आपण का करावी?

कमिटीने तूर्त एक कोपरा येत्या पावसाळ्यापुरता तसाच ठेवायचे मान्य केले आहे. उरलेल्या जागेचा निर्णय त्यानंतर होईल. त्या कोपऱ्यात काय उगवते, कोणते पक्षी येतात आणि पाणी किती मुरते, याची नोंद आठवी-नववीची मुले ठेवणार आहेत. मुलांनी वही आखून तयार ठेवली आहे.

वाचकांच्या गावात, मशिदीच्या आवारात, शाळेत किंवा घरामागे अशी सावलीची जागा असेल. तिथे फरशी टाकायचे ठरत असेल तर भिंतीलगत निदान दोन हात माती सोडायला सांगा. जूनचा दुसरा पाऊस झाला की बांधावरून चार ठोंब आणून लावा. पहिल्या वर्षी काही दिसणार नाही. दुसऱ्या वर्षी तुरे येतील, आणि तिसऱ्या वर्षी, इन्शाअल्लाह, मुनिया.